वाजून वाजून थकलेला पेसमेकर

मित्रांनो, मी आता अगदी थकलो आहे, तेव्हा बोलता बोलता मध्येच थांबलो तर सांभाळून घ्या. मी एक जुना पेसमेकर आहे. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, चपटा आणि गुळगुळीत. माझी सगळी हयात एका सलूनवाल्या काकांच्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत गेली.

माझा जन्म धुळीचा कणही नसलेल्या कारखान्यात झाला. तिथून मी दवाखान्यात आलो, तेव्हा काकांचे हृदय फार थकले होते. जड कपाट दोघांनी उचलताना एकाने आधी आणि दुसऱ्याने मागाहून जोर लावला, तर ते जागचे हलत नाही. काकांच्या हृदयाच्या दोन्ही बाजूंचे तसेच झाले होते. पायांवर सूज, जिना चढताना धाप आणि पाठीशी उशा रचून बसल्या बसल्या झोप. दुकानाला कुलूप लागले होते.

डॉक्टरबाईंनी माझ्या तारा हृदयापर्यंत नेल्या आणि मला कामाला जुंपले. काम एकच. दोन्ही बाजूंना एकदम "चला" म्हणायचे. प्रत्येक ठोक्याला, दिवसरात्र.

हळूहळू सूज उतरली. काकांनी पुन्हा दुकान उघडले. शर्टाचे बटण काढून ते गिऱ्हाइकांना माझा उंचवटा दाखवत आणि म्हणत, "हा माझा भागीदार! गल्ल्यात हात घालत नाही की सुट्टी मागत नाही." ते ऐकून मला फार बरे वाटे. सुट्टी मात्र कधीतरी मागावीशी वाटायची, खोटे कशाला बोलू?

वर्षे गेली, तसे कौतुक ओसरले. काकू हातात आणून देत म्हणून गोळ्या चालू राहिल्या, पण तपासणी मागे पडली.

"अहो, दवाखान्यात जाऊन या की एकदा," काकू म्हणत.

"मला काय धाड भरलीय? मशीन आहे ना, ते घेईल बघून."

मशीन काय बघणार, कपाळ! माझी बॅटरी संपत आली होती. मला बोलता येत नाही. रोज सकाळी ठरल्या वेळी थोडा वेळ बारीक आवाजात वाजायचे, एवढीच माझी वाचा. तो आवाज आला की लगेच या, असे डॉक्टरबाईंनी बजावले होते. काका-काकू ते केव्हाच विसरून गेले होते. त्यातून काकांना असले बारीक आवाज आताशा ऐकूच येत नसत. दुकानात पंखा आणि केस कापायचे मशीन यांची घरघर असायची. एका सुट्टीच्या दिवशी काकूंनी मला ऐकले. आवाज घड्याळाचाच समजून त्यांनी लगेच ते भिंतीवरून उतरवले आणि त्यात नवा सेल घातला. मी कपाळावर हात मारून घेतला असता, पण मला हात नाहीत.

मला भीती वाटू लागली. मी थांबलो, तर पुन्हा ती सूज, ती धाप, ते कुलूप. कदाचित त्याहूनही वाईट. म्हणून मी रोज वाजत राहिलो. थकलेल्याने ओरडून ओरडून तरी किती ओरडावे?

एका सकाळी वीज गेली आणि पंखा थांबला. खुर्चीत शेजारचा शिंपी बसला होता. एरवी तो दुसऱ्याला बोलू देत नाही, पण तोंडाला फेस आणि गळ्याशी वस्तरा, म्हणून गप्प होता. काका त्याच्यावर वाकले, मी नेमका त्याच्या कानाशी आलो आणि माझी वेळ झाली.

"अरे, खिशात काय पाळलंयस? चिवचिवतंय बघ."

"खिशात? कंगवा आहे नुसता."

शिंप्याने वस्तऱ्याचा हात बाजूला सारला आणि कान काकांच्या छातीला लावला. सगळा फेस शर्टाला लागला.

"गड्या, हे तुझ्या आतून वाजतंय."

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांना काहीच ऐकू येत नव्हते. "खरंच वाजतंय?" त्यांनी बारीक आवाजात विचारले.

"मग मी काय थट्टा करतोय? चल, आधी दवाखान्यात चल!" आणि शिंपी अर्ध्या दाढीनिशी त्यांना घेऊन निघाला.

"काका, थोडक्यात निभावलं," मला तपासून डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणखी दुर्लक्ष केलं असतं, तर हा बंदच पडला असता." त्यांनी तारा जुन्याच ठेवल्या आणि माझ्या जागी नवा पेसमेकर बसवला.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाच्या छातीत माझा भाऊबंद असेल, तर त्याला वाऱ्यावर सोडू नका. बरे वाटते आहे म्हणून तपासणी टाळायची नसते. आत कुणीतरी राबत असते, म्हणून तर बरे वाटते.

मला बाहेर काढून स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवले होते. काकूंनी नर्सला विचारून मला तळहातावर घेतले.

"एवढासाच होता होय?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला रुमालाने हलकेच पुसले. "रोज हाका मारत होतास ना रे? आमचंच लक्ष नव्हतं. दमला असशील. पड आता."

इतकी वर्षे त्यांचा आवाज मी काकांच्या छातीआडून ऐकत आलो होतो. माझ्याशी त्या पहिल्यांदाच बोलल्या.