थिगळाखालचा गंज

मित्रांनो, १९७४ सालच्या श्रावणात तुम्ही वाशीमजवळच्या मालेगावात आला असता, तर मिश्रीलाल शेठच्या गोदामामागे, कडुनिंबाखाली, ओंडक्यांवर चढवून ठेवलेला एक जुना लष्करी ट्रक तुम्हाला दिसला असता. चाके काढलेली, हौदा उतरवलेला, नुसता सांगाडा उरलेला. तो ट्रक मीच.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात, महायुद्धाच्या धामधुमीत झाला. माझी चारही चाके इंजिनाच्या जोराने फिरतात, म्हणून चिखलाचे, वाळूचे, नाल्यांचे मला कधी भय वाटले नाही. युद्ध संपल्यावर लष्कराने मला लिलावात काढले आणि मी मिश्रीलाल शेठकडे आलो. वाशीमच्या रेल्वे मालधक्क्यावरून मिठाची पोती उचलायची आणि रिठद, किन्हीराजा, इंझोरी अशा गावांना पोचवायची, हे माझे काम. भर पावसात, बैलगाड्या रुतून बसलेल्या वाटेवरून मी घरघरत आलो, की लोक दुकानाबाहेर येऊन माझे कौतुक करीत.

त्या कौतुकात एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. ओल्या पोत्यांतून झिरपणारे खारे पाणी हौद्याच्या फळ्यांमधून माझ्या सांगाड्यावर टपकत असे. दर दसऱ्याला मला धुऊन झेंडूचा हार घालीत आणि गंजावरूनच काळ्या रंगाचा हात फिरवीत. वरून मी नवा दिसे. आत लोखंडाचे पापुद्रे सुटत. एकदा पुढच्या डाव्या स्प्रिंगच्या पाट्याजवळ सांगाड्याला तडा गेला, तेव्हा वाटेतल्या कोणा लोहाराने घाईघाईने बाहेरून लोखंडी थिगळ ठोकून दिले. त्यानंतर त्या थिगळामागे कोणी पाहिले नाही. तिथे तडा वाढत होता. मला तो जाणवत होता, पण सांगणार कसा? मला बोलता येत नव्हते. फक्त झुकता येत होते.

माझा ड्रायव्हर किसनसिंग याला ते झुकणे कळले. तो म्हणे, “शेठ, गाडी डाव्या अंगाले झुकते. मले हे बरं नाई वाटून राह्यलं.”

“तूच म्हतारा होऊन झुकून राह्यला, किसनसिंग,” शेठ हसून म्हणत, “आन् नाव गाडीचं सांगतं!”

त्या वर्षी शेठच्या आईने, राजमतीबाईंनी, भादव्यात शेजारच्या बायकांना घेऊन शिरपूरच्या जैन देवळात दर्शनाला जायचे ठरवले. भरल्या नाल्यांतून माझ्याखेरीज दुसरी गाडी जाणार नव्हती. म्हणून शेठने इंद्रभान मिस्त्रीला बोलावले. मागे दिसणारी दोन भोके बुजवायची, जुन्या थिगळाच्या कडेने वेल्डिंगची एक रेघ ओढायची आणि वरून रंग द्यायचा, एवढेच काम ठरले. मी घाबरलो. त्या रेघेने थिगळ आणखी घट्ट झाले असते आणि तडा कायमचा झाकला गेला असता. मग एखाद्या नाल्यात, हौद्यात बायका बसलेल्या असताना, मी मधोमध मोडलो असतो.

इंद्रभानने गॅसची ज्योत पेटवली आणि तो थिगळाकडे वळला. तेवढ्यात राजमतीबाई तिथे आल्या आणि खाली वाकल्या.

“थांब गा इंद्रभान! इस्तो लावू नको. इथं जीव हायेत.”

थिगळाच्या कडेच्या फटीतून काळ्या मुंग्यांची रांग आत जात होती.

“मांजी, मुंग्या हायेत त्या. आच लागली का पळतीन.”

“अंडे टाकून कुठं पळतीन? तुया घराले कोनं इस्तो लावला, त तू लेकरं टाकून पळशीन काय?”

इंद्रभानने हसत ज्योत विझवली. शेठ मात्र चिडले. “माय, भादवा तोंडावर आला. मुंग्यायपायी गाडी अडवून ठेवतं काय?”

“दर्शनाले मी चालली का तू? जीव जाळून मले देव पायचा नाई.”

त्यांनी कणकेत साखर कालवली आणि माझ्या सांगाड्यापासून कडुनिंबाच्या बुंध्यापर्यंत तिची बारीक ओळ घातली. दुसऱ्या दिवशी मुंग्या पांढरी अंडी तोंडात धरून निघू लागल्या. काम थांबल्याने वैतागलेला इंद्रभान बिडी ओढत ती मिरवणूक पाहत बसला होता. पाहता पाहता त्याची बिडी हातातच विझली.

“किसनसिंग, इकडं ये गा. हे थिगळ कोन्या अंगाले हाये?”

“बाहेरून. काहून?”

“मंग ह्या मुंग्या आतल्या अंगानं कशा निंघून राह्यल्या? मधात त चॅसीचं लोखंड हाये.”

किसनसिंगने सांगाड्याखाली वाकून पाहिले. मग म्हणाला, “हाये का नाई, तेच पाहा लागते आता.”

शेवटची मुंगी झाडाकडे गेल्यावर त्या दोघांनी छिन्नीने थिगळाचे रिवेट तोडले. थिगळ खाली पडले आणि त्याच्यामागून लाल पापुद्र्यांचा ढीग ओघळला. इंद्रभानचा पंजा आरपार गेला. तडा खालच्या कडेपर्यंत उतरला होता. वरच्या कडेला अखंड लोखंड बोटभरच उरले होते.

शेठ जवळच्या ओंडक्यावर बसले. “ह्या गाडीत मी मायले बसवनार होतो,” एवढेच ते म्हणाले.

“मी बी वरून रेघ मारून गाडी देल्ली असती, शेठ,” इंद्रभान म्हणाला. “मले बी दिसलं नसतं.”

“सडलं तेवढं सारं काप. भादवा गेला त जाऊ दे.”

“जाऊ दे न,” राजमतीबाई म्हणाल्या. “देव काई शिरपुरातून उठून चालला नाई.”

मग खरी दुरुस्ती सुरू झाली. किसनसिंग जमिनीवर पाठ टेकून तारेच्या ब्रशने माझा गंज खरडू लागला. त्याच्या डोळ्यांत लाल भुकटी पडे, आणि तो मला प्रेमाने शिव्या देई. खरडताना आणखी दोन कुजक्या जागा निघाल्या. कुजलेला भाग कापून इंद्रभानने तिथे त्याच आकाराचा जाड पत्रा वाकवून बसवला, तापून लाल झालेले रिवेट ठोकले आणि लोखंड चकचकीत झाल्यावरच त्याला रंग लावू दिला.

दिवाळीनंतर आम्ही शिरपूरला निघालो. एका नाल्यात माझे पुढचे डावे चाक खड्ड्यात गेले आणि सगळा भार त्या नव्या सांध्यावर आला. सांधा कुरकुरलाही नाही. किसनसिंगने गिअर बदलला. मागे हौद्यात कोणाच्या सुनेच्या स्वयंपाकावरून हसणे चालले होते. ते थांबले नाही. शिरपूरला बायका आपापली गाठोडी सावरत उतरल्या आणि मागे वळून न पाहता देवळाकडे गेल्या.

मित्रांनो, मला त्याचे वाईट वाटले नाही. तुमच्याकडे सायकल असेल, मोट असेल, शेतातले औत असेल. त्याला रंग देण्याआधी एकदा खरडून पाहा. जिथे थिगळ आहे तिथे थोडे थांबा, वाका, मागे काय चालले आहे ते बघा. ज्या प्रवासात काहीच घडत नाही, तो प्रवास कोणाच्या आठवणीत राहत नाही. पण त्याच्यासाठी कोणीतरी कितीतरी दिवस जमिनीवर पाठ टेकून गंज खरडलेला असतो.