बाळंतिणीचा वाडगा

पेरीनबाईंच्या घरात बाळंतीण रश्श्याचा पहिला घोट घ्यायची तो त्या निळ्या वेलींच्या चिनीमातीच्या वाडग्यातूनच. दोन बाजूंना कानांसारखे दांडे, कडेला चांदीची पट्टी, वर चांदीचं झाकण. भेटायला आलेल्या बायका आधी वाडगा बघायच्या, मग बाळ. अख्ख्या रूआं शहरात असा वाडगा आपल्याचकडे, असं पेरीनबाई सांगायच्या. शेजारणीकडेही होता, पण त्याचं झाकण जस्ताचं, हेही न चुकता सांगायच्या.

सून सिदोनीला मुलगा झाला, तो रडलाच नाही. सुईणीने त्याला आईला क्षणभर दाखवलं आणि गुंडाळून नेलं. सकाळी बाबेत नावाच्या मोलकरणीने कोंबडीचा अळणी रस्सा आणला, तो साध्या मातीच्या भांड्यात. सिदोनीने तोंड फिरवलं.

"पी गं पोरी, अंगात ताकद नको का?" पेरीनबाई म्हणाल्या.

"तो वाडगा कुठाय?"

पेरीनबाईंनी मातीचं भांडं पुन्हा पुढे केलं.

"मी बाळंतीण नाही का, आई? दूध येतंय मला. बाळ नाही, हे त्या दुधाला कुणी कळवलेलं दिसत नाही."

पेरीनबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. बाबेत वाडग्याच्या कपाटाला पाठ लावूनच उभी राहिली.

"बाईसाहेब, भलतंच काही करू नका. ईस्टरला आपल्या मार्गोताईंचे दिवस भरतायत. वहिनीबाई आधी त्यातून प्याल्या, तर अपशकुन म्हणून मार्गोताई मग तोंड लावतील का?"

पेरीनबाईंचा हात किल्लीवर थांबला. देव असलं काही बघत नाही, असं त्या जगाला सांगत आल्या होत्या. पोटच्या लेकीचं नाव निघाल्यावर तेवढी खात्री वाटेना.

"सर बाजूला," त्या अखेर म्हणाल्या.

"आणि मार्गोताईंना काय सांगायचं?"

"तुझ्या वहिनीचा मान आधी होता, असं सांगेन. रागावली तर रागावली."

सिदोनीने वाडगा दोन्ही हातांनी धरला. तळाशी काही उरू दिलं नाही. मग दाराकडे बघत म्हणाली, "मला भेटायला आता कुणी येणार नाही, नाही का?"

पेरीनबाईंनी एप्रन सोडला, केस सारखे केले आणि पाहुणीसारख्या पलंगाशेजारी बसल्या.

"मग? कुणावर गेला होता गं?"

सिदोनीने वाडगा मांडीवर ठेवला. मग हळूच म्हणाली, "मामंजींवर. कपाळ तसंच रुंद."

"आणि जावळ?"

"काळंभोर. ओठ मात्र निळे होते, आई."

"हं. अजून सांग," पेरीनबाई म्हणाल्या. "मला सुईणीने बघूच दिलं नाही गं."