उजवा शंख

निर्जन बेट म्हणून आम्हाला जिथं नेलं तिथं बाकडी होती, संडास होता, आणि काय काय करू नये हे सांगणाऱ्या पाट्या तर आमच्यापेक्षा जास्त होत्या. प्रवाळ म्हणजे लालभडक काहीतरी दिसणार, असं विनीतावहिनींनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ओहोटी लागली तसे चिखलातून शेवाळलेले खडबडीत दगड वर आले. जुनी भिंत पाडून कुणी राडारोडा टाकावा तसे.

"काय सुंदर आहे ना," वहिनी म्हणाल्या. त्यांची पाठ समुद्राकडे होती. सेल्फी चालली होती.

विनीतावहिनी म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, निशिकांतच्या, साहेबांची बायको. साहेब म्हणजे शैलेंद्रसर. सर इथं परदेशात, हार्बरफ्रंट भागातल्या ऑफिसात जे बोलतात ते निशिकांतला तिथं पटतं आणि घरी आल्यावर पुन्हा एकदा पटतं. त्यामुळे आमच्या अडीच वर्षांच्या कुशलला घेऊन फेरीबोटीत बसायचं हेही त्याला पटलं होतं. मी आदल्या दिवशी मिळेल ते वाचून काढलं. दगडमासे, जेलीफिश, विषारी शंख, भरतीच्या वेळा.

"विभा, बेटावर चाललोय. ऑपरेशनला नाही," निशिकांत म्हणाला. हा विनोद त्याने फेरीत सरांनाही ऐकवला.

मी कुशलला बूट घातले तर वहिनी म्हणाल्या, "अगं, जरा वाळू लागू दे पायाला. आमची भार्गवी अशीच वाढली."

नऊ वर्षांची भार्गवी झाडाखाली आयपॅड घेऊन बसली होती. तिच्या पायाला वाळूचा कण नव्हता.

मग वहिनींना दगडांमधल्या डबक्यात शंख सापडला. बोटभर लांब, एका टोकाला निमुळता, वर तपकिरी जाळीची नक्षी.

"अहो, बघा तरी, उजवा शंख. हा देव्हाऱ्यात असला की लक्ष्मी घरातून हलत नाही."

उजवा, म्हणजे उजवीकडे तोंड असलेला शंख लाखात एक मिळतो म्हणतात. वहिनींनी तो उलटा धरला होता. उलटा धरला की कुठलाही शंख उजवाच.

"ममा, कॅनॉट टेक लाह," भार्गवी मान वर न करता तिच्या इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली. "गॉट फाइन." पाटीवर दंडाचा आकडाही होता.

"देवासाठी नेतोय गं, विकायला नाही. आणि लेकराच्या हातून घरात आला की फार शुभ. कुशल, ये राजा. मुठीत घट्ट धर, बाप्पाला द्यायचाय."

मी पाण्याची बाटली काढायला वाकले होते. मान वर केली तेव्हा शंख कुशलच्या मुठीत होता, आणि निमुळत्या टोकातून एक बारीक सोंड बाहेर येऊन त्याचं मनगट चाचपत होती.

मी त्याच्या हातावर फटका मारला. शंख वाळूत पडला. कुशलने भोकाड पसरलं.

"विभा." निशिकांतचा आवाज एकदम ऑफिसातला झाला. "सॉरी वहिनी, ती जरा टेन्शन घेते."

"असू दे रे, पहिलंच मूल ना." वहिनी शंख उचलायला वाकल्या.

"उचला," मी म्हटलं. "पण आता तुम्हीच धरा मुठीत. आत जीव आहे, आणि त्याला विषारी काटा असतो. मोठ्या माणसाचासुद्धा श्वास बंद पडतो."

वहिनींचा हात तिथंच थांबला. शंखाखालून एक ठिपकेदार मांसल पाय बाहेर आला, शंख स्वतःच सरळ झाला आणि सावकाश डबक्याकडे निघाला. निशिकांतने सरांकडे पाहिलं. सरांनी फोनकडे.

"हो, तसं लिहिलंय खरं," सर म्हणाले आणि चार पावलं मागे सरकले.

सरांनी सांगितल्यावर मात्र निशिकांतला पटलं. तो वाळूत बसला आणि कुशलची मूठ एकेक बोट उलगडून बघू लागला.

परतताना फेरीत वहिनी म्हणत होत्या, "मला हातात घेतल्या घेतल्याच तो जड लागला होता." सर्वांनी माना डोलावल्या.

कुशल निशिकांतच्या मांडीवर होता. निशिकांतने त्याचे खिसे उलटे केले, बूट काढून झटकले, मग त्याची पोटरी माझ्यापुढे धरली.

"हा लाल डाग आधीचाच ना?"

"डास चावलाय."

"नक्की? तू बघितलं होतंस?"

"मी सगळंच बघत असते, निशिकांत. आता जरा तू बघ."

तो खरंच बघू लागला. मी काचेला डोकं टेकलं आणि दिवसभरात पहिल्यांदाच निवांत समुद्राकडे पाहिलं. त्यात खास असं काही नव्हतं.