उशीतला कान

क्षमा सिस्टरने वादिराजांची मान दोन्ही हातांनी अलगद सरळ केली, दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या पुन्हा लावल्या आणि वसुमतीअक्कांकडे पाहिलं.

"अक्का, तुम्ही बोललात की आकडा चढतोय बघा."

पडद्यावर तेवीस होते. वीसच्या आत राहायला हवेत, हे अक्कांना पाच दिवसांत पाठ झालं होतं. पाच दिवसांपूर्वी घरी वादिराजांनी पाच किलो अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा आणून ओट्यावर ओतल्या. "आता या सोलायच्या कुणी?" म्हणून अक्कांनी तोंड सोडलं, आणि ऐकता ऐकताच ते कोसळले. मेंदूत रक्तस्राव. डॉक्टरांनी कवटीतून बारीक तार आत सोडली होती. डोक्यातला दाब तीच सांगायची. कालपासून झोपेचं औषध कमी केलं होतं, तरी डोळे मिटलेलेच होते.

"शांत पडलेले असतात हो," क्षमा म्हणाली. "तुम्ही आलात की मान वळवतात. मान वळली की दाब वाढतो. डॉक्टर म्हणाले, उद्यापासून काचेबाहेरूनच बघा."

अक्कांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाच्या मागे टकळी लावली, ती शेवटी याच्या डोक्यात गेली म्हणायची! त्या पदर सावरत उठल्या.

"अहो, येते मी," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या.

वादिराजांची मान हळूहळू त्यांच्याकडे, डावीकडे वळली. अठरा, वीस, एकवीस. क्षमा पुढे झाली.

"थांब गं जरा! कुठला कान उशीत गेलाय बघ."

"डावा."

अक्का मटकन स्टुलावर बसल्या.

"अगं बाई, डाव्या कानाने लहानपणापासून ठार बहिरे आहेत हे! घरी माझं ऐकायचं नसलं की उजवा कान उशीत खुपसतात. मग मी गळा काढून ओरडले तरी उपयोग नाही. आणि ऐकायचं असलं की हा डावा खाली घालतात, चांगला कान वर काढतात."

"म्हणजे तुमचं ऐकायला मान वळवतायत?"

"नाहीतर काय! आणि तुम्ही मला बसवलंय बहिऱ्या बाजूला!"

क्षमा हसतच डॉक्टर कृष्णमूर्तींना बोलावून घेऊन आली. त्यांनी सगळं ऐकलं, मान सरळ केली आणि उजवीकडचा औषधांचा स्टँड स्वतः मागे सरकवला.

"सरी, बरं अक्का, इकडून बोला. पण स्वल्प हळू."

अक्का उजव्या कानाशी वाकल्या. समोरच्या अनुषाला मुलगी झाली, गॅलरीतल्या तुळशीला पाणी घातलं, सोसायटीत पुन्हा पंप बिघडला. बारीकसारीक सगळं सांगितलं. मान जागची हलली नाही. एकोणीस, सतरा, पंधरा. आकडा पंधरावर टिकला, तेव्हा त्यांना पाच दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

आणि जिवात जीव आला तशी जीभही ठिकाणावर आली.

"बरं, त्या अवरेकाईचं काय करायचं? निम्मी वाटून टाकली, निम्मी मी एकटी सोलतेय. अंगठे दुखून आले माझे. दोन माणसांच्या घरात पाच किलो? सांगत होते मी, यशवंतपूरच्या बाजारात एकटे जाऊ नका म्हणून..."

वादिराजांच्या कपाळावर बारीकशी आठी पडली. मग मान हळूच उजवीकडे कलली, टॉवेलची गुंडाळी बाजूला सरली आणि चांगला कान सावकाश उशीत रुतला.

आकडा एकवीसवर गेला. क्षमा धावली.

"आता काय झालं अक्का?"

अक्कांना हसू आवरेना आणि डोळेही पुसून होईनात.

"कर गं सरळ त्यांची मान. नाही बोलत मी, गप्प बसते," त्या म्हणाल्या. "आणि डॉक्टरांना सांग, यांना चांगली शुद्ध आलीय."