रोल नंबरच्या क्रमाने

नववीतल्या एकाही मुलाने आजवर आईवडिलांशी खोटं बोललेलं नाही, असं सर्वेक्षणातून निघालं तेव्हा भैरवी खुर्चीत मागे रेलून मनापासून हसली. नाना गेल्यापासून पहिल्यांदाच.

कतारमध्ये, दोहा शहरातल्या एका भारतीय शाळेत ती समुपदेशक होती. व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढलंय का, शाळा बुडवलीय का, कुणाला मारलंय का, अशी बिननावाची प्रश्नावली तिनेच तयार केली होती. घरी खोटं बोलण्याचा प्रश्न मुद्दाम घातलेला. त्याला सरसकट ‘नाही’ आलं, की बाकीच्या उत्तरांवरही विसंबता येत नाही. प्रश्नावली भरून घेतली त्या दिवशी मात्र ती नाशिकला होती, वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, तेराव्याला. काम वर्गशिक्षकांनी उरकलं होतं.

उपप्राचार्य सुचित्रामॅडम खूश होत्या. “अगं, एक पोरगं वाया गेलेलं नाही. गुरुवारच्या पालकसभेत हाच तक्ता लावू. तुझे समुपदेशनाचे तास गणिताला देऊन टाकू, बोर्डाच्या निकालाला तेवढीच मदत.”

“पोरं वाया गेलेली नसतीलही, मॅडम. पण खोटं बोलली आहेत, आणि सगळी मिळून बोलली आहेत.”

“कशावरून?”

“उद्या सांगते.”

संध्याकाळी अल हिलाल भागातल्या आपल्या फ्लॅटवर आल्यावर तिने गार्गीला समोर बसवलं. लेक त्याच नववीत होती. मराठी सगळं समजायचं, बोलताना मात्र अर्ध्याहून जास्त इंग्रजी.

“तू काय लिहिलंस ते विचारत नाही. कागद गोळा कसे केले, तेवढं सांग.”

“लाइक ऑलवेज. रोल नंबरवाइज. मॅम चेक करत होत्या, कुणाचा राहिला ते.”

“पण नाव नव्हतं ना त्यावर?”

“सो व्हॉट, आई? अरहानच्या आधीचा माझा, नंतरचा वल्लरीचा. एव्हरीबडी नोज. सगळे म्हणत होते, काही लिहिलं तर बाबांच्या कंपनीत कळेल, मग व्हिसा खलास.”

भैरवीने कपाळाला हात लावला. गठ्ठा हजेरीच्या क्रमाने लावायची शिक्षकांच्या हाताला इतकी सवय, की आपण नाव पुसून पुन्हा लिहितोय हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

तिच्या मात्र पटकन लक्षात आलं, कारण हा धडा ती घरीच शिकली होती. फोनवर नानांना तब्येत विचारली की उत्तर ठरलेलं, “ठणठणीत.” एकदा आई देवळात गेली असताना फोन लागला आणि पहिल्याच मिनिटाला नाना म्हणाले, जिना चढताना दम लागतो गं. माणूस तोच, प्रश्न तोच. फक्त शेजारी आई नव्हती. भैरवीने त्याच आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. पुढची दोन वर्षं त्यामुळे मिळाली. फोन ती तेव्हापासून आईच्या देवळाच्या वेळेलाच करायची.

दुसऱ्या दिवशी तिने सुचित्रामॅडमपुढे एक चिठ्ठी सरकवली. ‘यंदा प्राचार्यांपासून काही लपवलंत का? हो / नाही.’

“भरा. मी इथेच उभी आहे, मग प्राचार्यांकडे नेऊन देते.”

मॅडमनी पेन उचललं, काचेपलीकडच्या प्राचार्यांच्या केबिनकडे पाहिलं आणि ‘नाही’वर खूण केली. मग स्वतःच हसल्या. “आगाऊ आहेस. घे पुन्हा. पण गुरुवारच्या आत.”

भैरवीने सभागृहात खुर्च्या लांब लांब मांडल्या. शिक्षकांना बाहेर ठेवलं. दाराशी बंद खोका, ज्याला हवं त्याने हवं तेव्हा उठून कागद टाकावा. खोका तिने मुलांसमोरच हलवून कागद मिसळले. प्रश्नांमध्ये अस्तित्वातच नसलेल्या एका नशेच्या गोळीचं नावही घातलं. फुशारकी मारणारेही असतातच. ती गोळी खाल्ली म्हणणाऱ्या वीरांचे कागद तिने बाजूला काढले.

उरलेल्यांतली जवळपास सगळीच घरी खोटं बोलत होती. दर सहांमागे एकाने व्हेप ओढलं होतं.

“पालक माझं डोकं खातील,” सुचित्रामॅडम म्हणाल्या.

“खाऊ देत. उत्तरं मी देईन. हा आकडा खरा आहे.”

गुरुवारी तक्ता पडद्यावर येताच कुजबुज सुरू झाली. सभा इंग्रजीत चालली होती, पण तिसऱ्या रांगेतले सचिन देवधर उठले आणि सरळ मराठीतच म्हणाले, “माझा मुलगा यात कुठे बसतो, ते सांगा.”

“मला माहीत नाही. कळू नये अशीच व्यवस्था केली होती.”

“मग उपयोग काय? नावं काढा. आम्ही बघतो एकेकाकडे.”

“तुम्ही कुठे असता कामाला?”

“रास लफानला, गॅस प्रकल्पावर. सेफ्टीत.”

“तिथे कुणी बिननावाने कळवलं, की अपघात थोडक्यात टळला, तर तुम्ही त्याचं नाव शोधून काढता?”

“छे. एकाचं काढलं, तर उद्यापासून कुणी कळवणारच नाही.” बोलता बोलता देवधर थांबले. मान खाली घालून त्यांनी चष्मा पुसला. “बरं,” ते जरा हळू आवाजात म्हणाले. “कळवल्यावर आम्ही आधी ती जागा दुरुस्त करतो. तुम्ही काय करणार?”

“खोलीचं दार उघडं ठेवणार. येईल त्याचं ऐकणार. त्यासाठी तास लागतील.”

देवधर खाली बसले. कुजबुज पुन्हा सुरू झाली, पण आता तिच्यात धार नव्हती. सुचित्रामॅडमनी माइक स्वतःकडे ओढला आणि सगळ्यांना समजेल अशा इंग्रजीत जाहीर केलं, की समुपदेशनाचे तास आहेत तसेच राहतील. गणिताचं शाळा दुसरीकडे बघेल.