सात नंबरचा प्लॉट

"काका, तिथून जरा बाहेर या."

"का? टेप अडतेय का?"

"टेप नाही अडत. तुम्ही शेजारच्यांच्या जागेत उभे आहात."

लिफ्टवाले काका हसले. मोजणीवाल्या बाई थट्टा करताहेत असंच त्यांना वाटलं. मोजणी खात्यातली माणसं कामाच्या वेळी थट्टा करत नाहीत, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. बाईंनी नकाशा पत्र्याच्या पेटीवर पसरला, वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवले आणि पेनाचं टोपण टेकवत एकेक चौकोन मोजला.

"हे फाटक. हा एक नंबर. दोन, तीन, चार, पाच, सहा. हा तुमचा सात. आणि तुम्ही उभे आहात तो आठ."

"अहो, अठरा वर्षं येतोय मी इथं!"

"येत असाल. पण आठमध्ये येताय."

काकांनी मागे वळून पाहिलं. मागे झाडं होती. पेरू, लिंबं आणि तळ्याच्या बाजूला वाऱ्यानं वाकलेले दोन सुरू. आज सकाळीच त्यांनी लिंबाखाली चुन्याने दहा बाय बाराची रेघ मारून ठेवली होती. तिथे एक खोली बांधायची, शहरातलं बिऱ्हाड मोडायचं आणि उरलेले दिवस इथेच काढायचे, असं ठरलं होतं. बांधकामाच्या परवानगीला मोजणीचा कागद लागतो, म्हणून बाईंना बोलावलं होतं. नसतं बोलावलं तर काही बिघडलं नसतं, असं त्यांना आता वाटत होतं.

काकांनी सदतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. माणसांना वर-खाली करण्यात जन्म गेला आणि स्वतः होते तिथेच राहिले, असं ते स्वतःच सांगत आणि स्वतःच हसत. प्लॉटची जाहिरात त्यांनी कामावरच्या एका पेपरात वाचली होती. तळ्याकाठी सुट्टीची जागा, आज घ्या आणि विसरून जा, वीस वर्षांनी किंमत बघा. घेणाऱ्यांनी हा सल्ला अक्षरशः पाळला. पैसे भरून सगळे विसरून गेले. ओळीने काटेरी झुडपं माजली आणि कोणी फिरकलं नाही. काकांचाही बेत तोच होता. मुदत ठेवीला कोणी भेटायला जातं का, असं त्यांचं म्हणणं. पण बायको ऐकेना.

"पैसे भरलेत तर निदान तोंड तरी बघू या तिचं."

म्हणून गेले. हद्दीच्या दगडांवर रंगवलेले आकडे पहिल्याच वर्षी धुऊन गेले होते. तेव्हा काका फाटकापासून एकेक प्लॉट मोजत निघाले, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने तोंडातल्या तोंडात म्हणाले, "तळमजला, एक, दोन, तीन..." सातला थांबले. बायको मागे रेंगाळली होती.

"अहो, एक जास्त झाला का आपला?"

"अगं, आयुष्यभर मी मजलेच मोजतोय. मला शिकवतेस?"

ती गप्प बसली. ती लवकर गप्प बसायची आणि काकांना तो तिचा मोठा गुण वाटायचा.

ती औषधांच्या दुकानात काउंटरवर होती. सुट्टी गुरुवारी. काकांनी आपली सुट्टी बदलून गुरुवारी करून घेतली आणि दर पंधरा दिवसांनी दोघं बसने इथे येऊ लागली. पहिलं रोप तिने पिशवीत लपवून आणलं. "गुंतवणुकीत कोणी झाडं लावतं का?" असं म्हणत काकांनी दोन वर्षं तिची चेष्टा केली आणि तिसऱ्या वर्षी तळ्यातून पाण्याचे डबे तेच वाहू लागले. घरी त्या दोघांचं बोलणं म्हणजे गॅस संपला, बिल भरलं, चावी कुठे. इथे मात्र ती बोलायची. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांच्या नकला करायची. तिला नकला येतात हे काकांना लग्नानंतर बावीस वर्षांनी कळलं.

ती गेली त्याला दोन वर्षं झाली. आता बिल्डिंगमध्ये लिफ्ट अडकली की लोक काकांचं दार वाजवतात. लिफ्ट अडकली नाही त्या आठवड्यात कोणी वाजवत नाही. कधीकधी ती अडकावी असं त्यांना वाटायचं आणि मग स्वतःचीच लाज वाटायची. खोलीचा बेत ऐकून मुलगी फोनवर म्हणाली होती, "बाबा, तिथं एकटे राहणार?"

"मग इथं काय मी गर्दीत राहतोय?"



काका फाटकापर्यंत चालत गेले. बाईंचा नकाशा चुकला असेल, टेप ताणली गेली असेल, काहीतरी असेल. पहिल्या दगडापाशी उभे राहून त्यांनी बोट केलं आणि मोजायला सुरुवात केली.

"तळमजला," ते म्हणाले आणि तिथेच थांबले.

चूक कळल्याचं त्यांना एवढं वाईट वाटलं नाही. तिला ती पहिल्याच दिवशी कळली होती आणि आपण तिला गप्प केलं, ते मात्र आत कुठेतरी रुतलं.

परत येताना ते खऱ्या सात नंबरात शिरले. बाभळीचे काटे, खडी, कोणीतरी टाकलेला फुटका माठ. झाड म्हणावं असं एकही नाही. आठ नंबरात जाण्यासाठी अठरा वर्षं ते हाच तुकडा ओलांडत होते आणि 'ही कुणा आळशाची जागा' म्हणून नाक मुरडत होते.

मोजणीवाल्या बाई मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी थर्मासमधला चहा झाकणात ओतून पुढे केला.

"वहिवाट दाखवून भांडता येईल काका. पण निकाल लागेपर्यंत ही झाडंसुद्धा म्हातारी होतील."

"भांडायचं कुणाशी?"

"तेच. त्यापेक्षा अदलाबदल करा. जागा तेवढीच आहे. आठवाल्या बाईंना नोटीस गेली होती, त्यांनी कळवलंय की गुडघ्यांमुळे येणं जमणार नाही, काही असलं तर फोन करा. त्यांनी कधी जागा बघितलीच नाहीये. हो म्हणाल्या तर एक अर्ज, दोन सह्या. विषय संपला."

काकांच्या जिवात जीव आला. फोन लावण्याआधी त्यांनी मनात वाक्य जुळवलं. दोन्ही जागा सारख्याच आहेत ताई, फक्त आकड्याचा घोळ झालाय.

फोन उचलला गेला तेव्हा मागे शिलाई मशीनची खडखड चालू होती. मग ती थांबली.

"बोला भाऊ. मी गणवेश शिवते शाळेचे, त्याचा आवाज होता."

काकांनी आकड्याचा घोळ सांगितला. अदलाबदलीचंही सांगितलं. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"घ्या की मग," त्या म्हणाल्या. "मला सात काय नि आठ काय. म्हातारपणाला होईल म्हणून घेऊन ठेवली होती. मी एकटीच आहे. जाऊ जाऊ म्हणता बघायचं राहूनच गेलं. कुठं सही करायची तेवढं सांगा."

"कागद घरी पाठवतो."

"भाऊ, एक विचारू? हसू नका हं. मशीनवर बसले ना, की मी मनातल्या मनात त्या जागेत एक झाड धरते. त्याखाली खुर्ची टाकून बसते. तेवढाच विरंगुळा. खरंच आहे का हो तिथं एखादं झाड?"

काकांनी झाडांकडे पाहिलं. जुळवलेलं वाक्य जिभेवर तयार होतं. ते म्हटलं की लिंबाखालची खोली त्यांची होती. बाईंना कधी कळलं नसतं. मोजणीवाल्या बाई दूर तळ्याकडे बघत होत्या, त्यांनीही ऐकलं नसतं.

"आहे," काका म्हणाले.

"एक?"

"एकवीस."



"माझ्या जागेत?"

"तुमच्याच. आठ नंबरात. पेरू आहेत, लिंबं आहेत. कडेचा पेरू आतून गुलाबी निघतो."

"अगं बाई!" त्यांचा आवाज एकदम पोरीसारखा झाला. मग त्या ओशाळल्या. "भाऊ, मग अदलाबदल राहू द्या का? राग मानू नका."

"नाही मानत."

"पण एवढी लावली कुणी?"



"तुमच्या शेजारणीनं. सात नंबरवालीनं."

"ओळख ना पाळख, आणि एवढं केलं? तिला सांगा, मी येणार आहे. गुडघ्यांचं काय ते बघते, पण येतेच. तिच्याशी बसून चार गोष्टी बोलायच्यात मला."

"सांगतो," काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मोजणीवाल्या बाईंनी कागदावर सात नंबरापुढे काकांची सही घेतली, खुंट्या आणि हातोडा उचलला आणि काट्यांतून वाट काढत कोपरा शोधू लागल्या. काका त्यांच्या मागोमाग गेले. ऊन डोक्यावर आलं होतं.

"अहो काका, चार खुंट्या ठोकायला वेळ लागेल. तोवर तिकडे सावलीत बसा की."

"नको," काका म्हणाले. "त्या बाईंना विचारायचं राहिलं."

त्यांनी रुमाल काढून डोक्यावर टाकला आणि ते तिथेच उभे राहिले.