बेवारस बॅगेची कैफियत

मी एक जुनी, काळी, कापडी बॅग आहे. मित्रांनो, मला बघून दचकू नका. माझ्या पोटात दोन विटा आणि एक चिठ्ठी, एवढाच ऐवज आहे. चिठ्ठीत तीन भाषांत लिहिले आहे, 'हा सराव आहे. ज्याने ही बॅग उघडली, तो नापास.'

माझा जन्म कारखान्यात झाला, पण मला काम मिळाले ते एका बैठकीत. एका देशात भुयारी रेल्वेत स्फोट झाला होता. बॉम्ब बेवारस बॅगेत होता आणि ती बॅग कित्येकांनी येता-जाता पाहिली होती. मग तीन देशांचे रेल्वे अधिकारी एकत्र बसले. दरवर्षी एका देशाच्या निरीक्षकांनी दुसऱ्या देशात जायचे, मला गुपचूप स्टेशनवर ठेवायचे आणि लोक काय करतात ते लिहायचे, असे ठरले. एकाला ठेच लागली तर तिघे शहाणे व्हावेत, हा हेतू. फक्त अहवाल कोणत्या भाषेत लिहायचा यावर कोणी मागे हटेना. शेवटी ज्याने त्याने आपापल्या भाषेत लिहावा, असा तोडगा निघाला. मला तेव्हा त्यात काही वावगे वाटले नाही.

पहिल्याच वर्षी माझा सगळा उत्साह मावळला. लोक मला पायाने बाकाखाली ढकलत. एका आजोबांनी तर माझ्यावर पाय ठेवून मस्त डुलकी काढली. आणि सज्जन माणसे? ती मला उचलून गर्दीतून थेट हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर नेत. तिथला कारकून मला कानाशी धरून हलवी आणि म्हणे, "जड आहे हो! पुस्तकं असणार." मग तो मला स्वतःच्याच खुर्चीखाली सारून देई. असा संताप यायचा म्हणून सांगू!

सात वर्षांत बरोबर वागणारे एकच माणूस मला भेटले. ते म्हणजे एका स्टेशनवरच्या सफाईवाल्या मावशी. सकाळची गर्दीची वेळ होती. मावशींनी मला खांबाजवळ पाहिले आणि खणखणीत आवाजात दोनदा विचारले, "ही बॅग कुणाची आहे?" कोणी बोलेना. त्यांनी मला हात लावला नाही. फरशी पुसायचा दांडा आडवा धरून त्यांनी माणसे मागे सारली आणि पहारेकऱ्याला गाडी थांबवायला लावली. चार मिनिटांत फलाट रिकामा झाला. परदेशी निरीक्षक बाईंनी घड्याळ पाहिले आणि तिथेच लिहून टाकले, 'तिन्ही देशांत असे काम कोणी केलेले नाही. यांना इतरांना शिकवायला बोलवा.' मी आनंदाने फुगले.

थोड्या वेळाने स्टेशनमास्तर आले. सराव गुप्त असल्यामुळे त्यांनाही आधी काही ठाऊक नव्हते.

"मावशी, सराव होता तो! म्हणजे आत काही नव्हतंच. उगाच गाडी अडवलीत. वरून मला बोलणी बसली."

"पण साहेब, आत काय आहे ते मला बाहेरून कसं कळणार?"

प्रश्न अगदी रास्त होता. उत्तरादाखल मावशींना लेखी ताकीद मिळाली. पुन्हा असे झाले तर कामावरून काढून टाकू, असे तिच्यात लिहिले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

आणि मावशींचे कौतुक करणारा तो अहवाल? तो मुख्य कार्यालयात पोहोचला, परक्या भाषेत. भाषांतर करणारे गृहस्थ निवृत्त झाले होते. 'भाषांतर आल्यावर बघू,' असा शेरा मारून कोणीतरी तो कपाटात टाकला. तीन देशांची मैत्री त्या कपाटापाशी येऊन अडली, ती आजतागायत.

यंदा मला पुन्हा त्याच स्टेशनवर ठेवले. फरशी पुसत मावशी आल्या. मला पाहताच त्यांचा हात थांबला. त्यांनी स्टेशनमास्तरांच्या खोलीकडे पाहिले. मग मान खाली घालून माझ्या भोवतीची फरशी त्यांनी नीट पुसली आणि त्या पुढे निघून गेल्या. 'मावशी, बोला! अहो, ओरडा!' मी जिवाच्या आकांताने म्हणत होते. बॅगेचे कोण ऐकतो?

निरीक्षकांनी लिहिले, 'सफाई कर्मचारी: दुर्लक्ष केले.'

मित्रांनो, माझ्यासारखी बॅग दिसली तर हात लावू नका. लांब व्हा आणि लगेच कोणाला तरी सांगा. आणि कोणी ओरडून गाडी थांबवली, आत विटाच निघाल्या, तर त्या माणसावर डाफरू नका. पुढच्या बॅगेत विटाच असतील असे नाही, आणि तेव्हा ते माणूस गप्प बसलेले असेल.